बडोद्याहून रात्रभर सायकल, सकाळी कावी-कंबोई: तारीख कशी धरायची?

चांदणचाक

नमस्कार मंडळी. थंडीची चाहूल लागली की आपल्या बडोद्याच्या सायकलवाल्यांत एकच विषय निघतो: पौर्णिमेला रात्री निघून समुद्र गाठायचा. मग कोणीतरी कालनिर्णय उघडतं, पौर्णिमेच्या जवळचा शनिवार शोधतं आणि तारीख जाहीर होते. भरतीची वेळ मात्र कोणी विचारत नाही. हा धागा मी त्यासाठीच काढलाय. कावी-कंबोईला जायचं असेल तर आधी पाण्याचं वेळापत्रक बघावं, मग चंद्राचं आणि शेवटी आपल्या सुट्टीचं.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बडोद्याहून अटलादरा, समियाला, पादरा, मासर रोड, जंबुसर, कावी करत साधारण ७५ किलोमीटरवर कंबोई येतं. भरूच जिल्हा, जंबुसर तालुका. तिथे मही नदी खंभातच्या आखातात मिसळते आणि किनाऱ्यावर स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरती आली की शिवलिंग पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा मोकळं होतं. दिवसातून दोनदा. तारकासुराच्या वधानंतर कार्तिकेयाने हे लिंग स्थापलं, अशी तिथली श्रद्धा आहे.

बडोद्याला जवळचा असा दुसरा समुद्र जवळपास नाहीच. खंभातला जायला वासदचा पूल ओलांडून बोरसदमार्गे जाता येतं, पण खंभातचं बंदर गाळाने भरून कधीच निकामी झालंय आणि पाणी गावापासून लांब सरकलंय. दहेजच्या रस्त्यावर रात्रभर टँकर. सुरतचं डुमस दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, तेही हायवेने. एका रात्रीत, ज्यांनी एका दमात कधी ४० किलोमीटरच्या वर सायकल मारलेली नाही अशांनाही सोबत घेऊन पोहोचायचं, तर कंबोईच.

आता मुद्दा. आपण सहाला पोहोचलो आणि पाणी दोन-तीन किलोमीटर मागे हटलेलं असलं, तर समोर दिसतो तो करडा चिखल. क्षितिजापर्यंत. वाळू नाही, लाटा नाहीत. रात्रभर पाय मारून आलेली नवी मंडळी विचारतात, "समुद्र कुठंय?" उलट भर भरतीला पोहोचलो तर देऊळ पाण्यात आणि दर्शनाला चार-पाच तास थांबायचं. दोन्ही चांगलं आहे, पण यातलं आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवावं आणि मग मागे मोजत निघायची वेळ काढावी. मला स्वतःला चढतं पाणी बघायला आवडतं. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी आत शिरताना दाटतं आणि उंच चढतं. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. चढतं ते झपाट्याने, उतरतं सावकाश. तासाभरात डोळ्यांसमोर चिखलाचा समुद्र होतो. रात्रभर जागून बघण्यासारखी गोष्ट हीच आहे असं मला मनापासून वाटतं.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे शनिवार एक आठवडा पुढे ढकलला की सगळं गणित उलटं होतं. कोणाकडे वेळ काढायची पक्की रीत असेल तर इथे लिहा.

वरसोलीचा

मी मूळचा अलिबागकडचा, नोकरीमुळे मांजलपूरला. आमच्याकडे कोळीवाड्यात लहान पोरालाही येणारा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भर भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा, दोन्हींमधलं अंतर बारा तास आणि वर साधारण पंचवीस मिनिटं, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्हीला हाच आकडा जवळपास बसतो.

पण हा आकडा मुंबई-अलिबागचा. तो उचलून कावीला लावू नका. भरतीची लाट खुल्या समुद्रातून आखाताच्या तोंडाशी येते, तिथून आत सरकत भावनगर आणि मग वर कावीपर्यंत पोहोचायला तिला काही तास लागतात. आमच्याकडे पाणी ओसरायला लागलेलं असतं तेव्हा तिकडे ते चढत असतं. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं निघतात, त्यात भावनगर बंदर आहे. ती वेळ धरा आणि कावी भावनगरच्या वर, आखाताच्या डोक्याकडे आहे हे लक्षात ठेवून थोडी पुढची माना. शिवाय निघायच्या आधी तिथल्या देवळात किंवा गावात फोन करून त्या तिथीची वेळ विचारा. त्यांचा रोजचा व्यवहार त्यावर चालतो.

कोकणातल्या हिशोबातला एक भाग मात्र कुठेही चालतो. एका जागी एका तिथीला भरतीची वेळ दर महिन्याला जवळपास तीच असते. म्हणजे या पौर्णिमेला कंबोईला पाणी कधी भरतंय ते एकदा नोंदवून ठेवलं की पुढच्या पौर्णिमेचं उत्तर मिळालं. तिथी एक पुढे, वेळ पाऊण तास पुढे. वहीत चार ओळी लिहून ठेवल्या तर पुढच्या वर्षी कोणाला विचारायला नको.

उधाण आणि भांगही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी. चांदताईंना जे चढतं पाणी बघायचंय ते उधाणाचं.

आणि हात जोडून विनंती: ओहोटीला त्या चिखलावर चालत जाऊ नका. वरून वाळलेला दिसतो, आत गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि पाणी परतताना पळायला जागा राहत नाही. फोटोसाठीसुद्धा नको. गावातल्या माणसाने "इथपर्यंत या" म्हटलं की तिथपर्यंतच.

चांदणचाक

वरसोलीकर दादा, अगदी हेच हवं होतं. तुमच्या हिशोबावरून अजून एक सुचतंय. आपण पौर्णिमेचाच हट्ट का धरतो? वद्य द्वितीया-तृतीयेला चंद्र आठ-साडेआठच्या सुमारास वर येतो. आपण अकराला निघतो तेव्हा तो चांगला वर असतो आणि सकाळपर्यंत मावळत नाही. उजेडात फारसा फरक नाही. भरती मात्र दीड-दोन तास पुढे गेलेली असते. म्हणजे पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस धरले तर शनिवारही सापडतो आणि पाणीही.

निळी_हीरो

मी नवीन आहे, इथल्या एमएस युनिव्हर्सिटीत शिकते. इंग्लंडमध्ये अशी मोठी रात्रीची राईड असते ना, लंडनहून समुद्रापर्यंत? ती कशी चालते? आपणही तसं करू शकतो का, हजार लोकांचं?

फतेहगंज_पूर्व

ती डनविच डायनॅमो. काही वर्षं तिकडे होतो म्हणून माहीत आहे. जुलैमधल्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी लोक पूर्व लंडनमधल्या लंडन फील्ड्स या बागेत जमतात आणि सफोकच्या किनाऱ्यावर डनविचला सकाळी पोहोचतात. १८० किलोमीटरच्या वर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलवरून टपाल पोहोचवणाऱ्या कुरियर पोरांनी सुरू केली असं मानतात. शर्यत नाही, नावनोंदणी नाही, बिल्ला नाही. काही वळणांवर काचेच्या बरणीत मेणबत्ती ठेवलेली असते, ती दिसली की वळायचं. वाटेतल्या गावांत हॉलमध्ये चहा-सूप मिळतं.

पण त्याची नक्कल आपल्याकडे जमणार नाही. तिकडे जुलैतली रात्र जेमतेम सहा-सात तासांची, चारला उजाडायला लागतं. आपल्याकडे थंडीत तेरा तास अंधार. त्यांचा रस्ता बहुतेक खेड्यापाड्यांतल्या गल्ल्यांसारख्या अरुंद रस्त्यांवरून जातो, आपला राज्य महामार्गावरून. हजार सायकली पादरा-जंबुसर रस्त्यावर आणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. पंधरा-वीस पुरेत.

अजून एक फरक आहे आणि तो मला फार आवडतो. त्यांचा किनारा पूर्वेला, म्हणून तिथे सगळे सूर्योदय समुद्रातून बघायला धावतात. आपला किनारा पश्चिमेला. कंबोईला सूर्य आपल्या पाठीमागे, कपाशीच्या शेतांवर उगवतो आणि समोर पाण्यावर चंद्र उतरत असतो. रात्रभर आपण पश्चिमेकडे चाललेलो असतो, त्यामुळे मध्यरात्र उलटली की चंद्र हळूहळू समोर येतो. "समुद्रावर सूर्योदय" असं लिहून लोकांना बोलावू नका, येणारा भलत्या दिशेला बघत बसेल.

निळी_हीरो

हे माहीतच नव्हतं! धन्यवाद. माझी सायकल साधी आहे, गिअर नाहीत. चालेल का?

काटा_बाभळीचा

चालेल. रस्ता सपाट आहे, पूल-नाले सोडले तर चढ नाहीच. गिअरपेक्षा तीन गोष्टी बघ: सीटची उंची, ब्रेक आणि टायर. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील एवढी सीट वर घे. खूप जण सीट खाली ठेवतात आणि ४० किलोमीटरनंतर गुडघे धरून बसतात.

माझं सायकलदुरुस्तीचं काम आहे, म्हणून टायरवर थोडं जास्त लिहितो. जंबुसरच्या पुढे दोन्ही बाजूंना गांडो बावळ आहे, वेडी बाभूळ. छाटलेल्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. त्याचा काटा पातळ आणि कडक. टायरमध्ये शिरून तुटतो आणि टोक आतच राहतं. रात्री घाईघाईत नवी ट्यूब घालतात, दहा मिनिटांत ती पण बसते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस किंवा रुमाल गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, कापेल. चिमटा सोबत ठेवा, नेलकटरपण चालतो. आणि कडेच्या मातीत सायकल उतरवू नका, थांबायचं असेल तर उचलून घ्या.

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब. दुसऱ्याची बसेल या भरवशावर येऊ नका, २६, २७.५, २९, ७०० सगळी मापं एका ग्रुपमध्ये असतात आणि व्हॉल्वसुद्धा वेगवेगळे. पंप मात्र दोन-तीन पुरतात.

आता लाईट. हे माझं सगळ्यात कळकळीचं. मोबाईलचा टॉर्च हँडलला बांधून येऊ नका. पुढे चांगला लाईट, खाली झुकवलेला, पंधरा-वीस पावलांवर रस्ता दिसेल असा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात गेला तर तो तुमच्याच अंगावर येईल. मागचा लाल दिवा स्थिर ठेवा. घोळक्यात लुकलुकणारे दहा दिवे असले की मागच्या सायकलवाल्याला अंतरच कळत नाही, डोकं पण भणभणतं. शेवटच्या माणसाचा एक लुकलुकता चालेल, ट्रकवाल्याला लांबून कळतं. चकाकणारं जाकीट सगळ्यांना सक्तीचं, दिसायला कितीही वाईट असलं तरी. बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राईड, त्यांत रात्री जाकीट आणि दिवे नसले तर पुढे जाऊ देत नाहीत. आपणही तोच नियम ठेवावा. घोट्याला चकाकणारी पट्टी लावली तर अजून चांगलं. पाय वर-खाली होतो ना, गाडीवाल्याला लगेच समजतं की हा सायकलवाला आहे.

मांडवीकर

धागा वाचून बरं वाटलं. माझं वय आता रात्री सायकल मारायचं नाही, पण हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे. विश्वामित्रीहून पादरा, मोभा, मासर रोड, जंबुसर अशी गायकवाडी रेल्वेची छोटी गाडी होती, नॅरो गेज. आमचे मामा जंबुसरला शिक्षक होते, सुट्टीत आम्ही तिनेच जायचो. सायकलने जाताना काही ठिकाणी त्या रुळांची वाट रस्त्याला लागून दिसेल.

रस्त्याचं म्हणाल तर पादऱ्यापर्यंत शहरच संपत नाही. पादरा भाजीचं मोठं गाव, रात्री भाजीच्या गाड्या शहराकडे निघतात, त्यांची वर्दळ असते. डभासा-महुवडपर्यंत कारखाने, तिथे शिफ्ट सुटायच्या वेळी बसेस आणि मोटारसायकली. हा पट्टा शांतपणे, एका ओळीत पार करा. मासर रोडच्या पुढे कानम प्रदेशाची काळी माती सुरू होते, कपाशी आणि तूर. तिथून खरी रात्र मिळते. तिथेच रोझ, म्हणजे नीलगाय, रस्ता ओलांडते. एक गेली की थांबा, मागून दुसरी असतेच.

आणखी एक गोष्ट तरुणांनी जाणून घ्यावी असं वाटतं. तुम्ही ज्या भागातून रात्री जाता, तिथून गांधीजीही रात्रीच आले होते. १९ मार्च १९३० च्या रात्री दांडीयात्रा कंकापुऱ्याला महीच्या पात्रात उतरली. होडीतून आणि मग चिखल तुडवत सगळे पलीकडे करेलीच्या काठाला लागले. साठीतला माणूस, रात्रीची वेळ, हाच चिखल, हीच भरती-ओहोटी. पुढे गजेरा, आंखी करत २२ तारखेला ते जंबुसरला पोहोचले. वरसोलीकर म्हणतात तसं पाणी बघूनच तिथे पाऊल टाकावं लागतं, ते तेव्हाही तसंच होतं. तुमच्या राईडमध्ये जंबुसरला चहाला थांबाल तेव्हा हे कोणीतरी दोन मिनिटांत सांगा. बडोद्याच्या मुलांना दांडी माहीत असते, करेली माहीत नसते.

वेळ असेल तर कावी गावातली जैन देरासरं, म्हणजे देवळंही बघा, सासूचं आणि सुनेचं अशी दोन. उजेडात बघायची गोष्ट आहे, म्हणून परतताना.

फतेहगंज_पूर्व

काका, करेलीचं मलाही माहीत नव्हतं. एक सूचना सगळ्यांना: पादऱ्याहून मुजपूरकडे वळून गंभीरा पुलावरून आणंद बाजूला जायचा बेत कोणी जुन्या नकाशावरून आखत असेल तर तो रस्ता नाही. ९ जुलै २०२५ ला तो पूल कोसळला, माणसं गेली. रात्रीची राईड ठरवताना ताजी माहिती विचारूनच रस्ता घ्या, फोनमधल्या जुन्या ट्रॅकवर विसंबू नका.

अकोटा_ताई

मला यायचंय. दोन मैत्रिणीही तयार आहेत. घरी प्रश्न एकच: रात्री, बायका, अनोळखी लोक. मी काय सांगू घरी?

चांदणचाक

अकोटा ताई, मी जे घरी सांगते तेच लिहिते. पहिलं, निघायच्या आधीच्या रविवारी दिवसा पादऱ्यापर्यंत एक छोटी राईड ठेवतो. रात्री येणाऱ्या प्रत्येकाने ती केलेली असावी. त्यात चेहरे ओळखीचे होतात, कोण किती वेगाने जातं कळतं, आणि मला तरी माणूस कसा आहे हेही कळतं. ज्याला दिवसा घोळक्यात शिस्तीने चालवता येत नाही त्याला मी रात्रीला घेत नाही.

दुसरं, पुढचा आणि शेवटचा माणूस नेमलेला असतो. पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही, शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. शेवटच्याकडे हत्यारं, औषधपेटी आणि सगळ्यांच्या घरचे नंबर. मी आग्रहाने शेवटी एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी ठेवते. जी बाई मागे पडते तिला मागे वळून बाईच दिसली पाहिजे.

तिसरं, वेग सगळ्यात हळू येणाऱ्याचा. ताशी १५ धरला तरी ७५ किलोमीटरला पाच तास, वर थांबे दीड तास. अकराला निघालं की साडेपाच. जलद जाणाऱ्यांना हे सोसवत नसेल तर त्यांनी वेगळी राईड काढावी, त्यात राग नाही.

चौथं म्हणजे स्वच्छतागृह. पुरुषांना हा प्रश्न सुचत नाही म्हणून मीच लिहिते. थांबे चहाच्या टपरीवरून ठरवू नका, जिथे रात्री उघडं, दिवे असलेलं आणि बरं स्वच्छतागृह आहे तिथून ठरवा. पेट्रोल पंप असतात. आधीच्या आठवड्यात दिवसा गाडीने जाऊन, तिथल्या माणसाशी बोलून, रात्री उघडं असेल ना ते विचारून या. हा एक दिवस घातला तर निम्म्या बायका जास्त येतील.

आणि पादरा आणि जंबुसर पोलीस ठाण्यांना आधी कळवून ठेवतो: किती जण, किती वाजता, कोणाचा नंबर. आईला मी ते पत्रच दाखवते.

अकोटा_ताई

पत्राचा मसुदा इथे टाकाल का? आणि रविवारच्या राईडला आम्ही तिघी नक्की.

डॉ_कमाटीबाग

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणून झोप आणि खाणं यावर लिहितो.

रात्री दोन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ असतो. अंगाचं तापमान उतरतं, डोळे मिटायला लागतात. तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, हे होणारच. म्हणून शनिवारी दुपारी दीड तास झोपा. झोप आली नाही तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहा. चहा-कॉफी संध्याकाळपासून पिऊन ठेवू नका. तिचा परिणाम अर्ध्या तासात येतो, तेव्हा जंबुसरला, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास घ्या. तरीही पेंग येत असेल तर सांगायचं आणि थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले की माणूस पुन्हा ताजा होतो. शेजारच्याशी सतत बोलत राहणं हा चांगला उपाय आहे. ज्याचं उत्तर येणं बंद झालं, तो झोपतोय असं समजा.

रात्री भूक कळत नाही, म्हणून घड्याळ लावून खा. तासाला मूठभर काहीतरी: खजूर, केळं, चिक्की, गूळपोळी, दशमी. तेलकट गांठिये आणि सेवउसळ सकाळसाठी ठेवा, रात्री पोटात दगड होतात. निघण्याआधी साडेआठपर्यंत वरण-भात. पाण्यात मीठ-साखर-लिंबू, थंडी असली तरी.

थंडीत सायकल चालवताना गरम वाटतं आणि थांबलं की दोन मिनिटांत काकडायला होतं. घाम सुकायच्या आत वारं अडवणारं जाकीट घाला. ते नसेल तर वर्तमानपत्राचा कागद शर्टाच्या आत छातीवर. कान झाका, पण ऐकू येईल असं. इअरफोन नको.

वरसोलीचा

वाऱ्याबद्दल पण. थंडीत उत्तर-ईशान्येचा वारा असतो, जाताना पाठीशी किंवा बाजूने. एप्रिलपासून तो नैऋत्येकडून येतो आणि किनाऱ्याजवळ शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये छातीवर बसतो. नव्या लोकांना घेऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. तरीही काही दिवस जंबुसरच्या पुढे पहाटे धुकं पडतं. समोरची सायकल दिसत नसेल तर उजाडेपर्यंत थांबा, भरती चुकली तर चुकू द्या.

निझामपुरा_एक्स्प्रेस

मी नियमित बीआरएम करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात कोणी मागेपुढे गाडी घेऊन फिरत नाही. आपली मदत आपण करायची, त्यातच आनंद आहे. ७५ किलोमीटरला सपोर्ट गाडी कशाला? मागून गाडी आली की सायकलवाले निवांत होतात, ट्यूबही आणत नाहीत. शिवाय ताशी १५ ने चालणारी गाडी रात्री हायवेवर हाच एक धोका आहे.

काटा_बाभळीचा

एक्स्प्रेस भाई, धोक्याचा मुद्दा बराबर आहे. पण बीआरएम करणारा माणूस तयारीने आलेला असतो. इथे निळी हीरो बिनगिअरची सायकल घेऊन पहिल्यांदा येतेय. तिला साठाव्या किलोमीटरला पाय उचलेना तर काय, जंबुसरच्या पुढे रात्री चारला रिक्षा शोधायची?

निझामपुरा_एक्स्प्रेस

मान्य, नव्यांसाठी गाडी हवी. पण ती मागे-मागे रांगत नको. पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहू दे, सगळे आले की त्याच्या पुढच्या थांब्यावर. बोलावलं तरच मागे यायचं. असं असेल तर मी पण येतो आणि शेवटचा माणूस म्हणून राहतो. पंक्चर काढायला हात चालतो माझा.

चांदणचाक

हे ठरलं. गाडी थांब्याथांब्यावर पुढे: पादरा, मासर रोड, जंबुसर, कावी. आणि शेवटी बाईसोबतचा पुरुष निझामपुरा एक्स्प्रेस.

परतीचं राहिलं. माझं ठाम मत आहे की रात्रभर जागलेल्या माणसाने त्याच दिवशी उन्हात सायकलने परत येऊ नये. येताना पाय नाही, डोळे दगा देतात. छोटा हत्ती ठरवा, एकात दहा-बारा सायकली बसतात, माणसांसाठी वेगळी गाडी किंवा जंबुसरहून एसटी. टेम्पो आदल्या रात्री मोकळा पाठवू नका. त्यालाच सपोर्ट गाडी करा, म्हणजे भाडं एकच.

काटा_बाभळीचा

टेम्पोत सायकली आडव्या रचू नका, डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारे भाग, वाकतात. पेडल काढा, किंवा निदान हँडल वळवून एक पुढे तोंड एक मागे तोंड अशा उभ्या लावा. मध्ये जुनी गोधडी किंवा चादर. दोरी फ्रेमला बांधा, चाकाच्या तारांना नाही. गोधड्या माझ्या दुकानात आहेत, शनिवारी घेऊन येतो.

मांडवीकर

टेम्पोवाल्याला आदल्या दिवशी दुपारी झोपायला सांगा. रात्रभर तोही जागाच असणार आहे आणि सकाळी तुम्हा सगळ्यांना घेऊन गाडी त्यालाच चालवायची आहे. शक्य असेल तर सोबत दुसरा चालक द्या, माझ्या पुतण्याकडे परवाना आहे, तो येईल.

चांदणचाक

काका, पुतण्याला नक्की पाठवा, त्याच्या जेवणाचं मी बघते. तर सध्या असं: वरसोलीकर दादा पुढच्या दोन महिन्यांतल्या शुद्ध त्रयोदशी ते वद्य तृतीयेमधले शनिवार काढून, भावनगरचं कोष्टक आणि कंबोईला विचारलेली वेळ शेजारी मांडून इथे टाकतील. त्यावरून सकाळी चढतं पाणी मिळेल अशी तारीख धरू. फतेहगंज पूर्व आणि मी दिवसा गाडीने जाऊन थांबे पक्के करतो. पोलिसांच्या पत्राचा मसुदा उद्या टाकते. रविवारच्या पादरा राईडला सकाळी सहाला अक्षर चौकात या. ज्यांना रात्री यायचंय त्यांनी खाली नाव, सायकलच्या चाकाचं माप आणि व्हॉल्वचा प्रकार लिहा.

निळी_हीरो

निळी हीरो, २६ चाक, साधा जाड व्हॉल्व. जाकीट घेतलंय, लाईट या आठवड्यात घेते.